तिसरी फ्लिप

“फ्लिप!” आराध्ये सरांनी कठड्यावर हात आपटला. “लुट्झ नाही ती. फ्लिपच आहे. तिसरी!”

रिंकवर शर्वरी माळवदे नुकतीच उडी मारून उतरली होती आणि एका पायावर, दोन्ही हात पसरून, मोठ्या वळणात मागे मागे चालली होती. पुण्यातल्या त्या हॉलमध्ये टाळ्या चालू होत्या. मी सरांच्या शेजारीच उभी होते. माझा प्रोग्रॅम तिच्या आधी झाला होता. घाम वाळायचा होता, पायांत स्केट्स तसेच होते. मी बाहेर आले तेव्हा “बरं झालं, पाणी पी” एवढंच सर म्हणाले होते, आणि तेही रिंकच्या फाटकाकडे बघत. फाटकातून शर्वरी आत येत होती.

“ऋजुता, तू बघितलंस ना? पाय आत कलला ना तिचा?”

मी बघितलं नव्हतं. मी सरांकडे बघत होते.

“हो,” मी म्हणाले.

“मग झालं तर!” सरांनी शर्टाची बाही वर सारली. “तिसरी फ्लिप म्हणजे शून्य. त्या उडीचा एकही मार्क देता येणार नाही त्यांना. मी हरकत घेतोय.”

आमचा खेळ म्हणजे आर्टिस्टिक स्केटिंग. टीव्हीवर बर्फावरचं फिगर स्केटिंग दिसतं, तसंच, पण चार चाकांच्या स्केट्सवर. सांगलीत बर्फ कुठून येणार? आमच्याकडे एका शाळेच्या मागचं सिमेंटचं मैदान होतं आणि आराध्ये सर होते. सर बँकेत नोकरी करायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. आवाज मोठा, अंगाने काटकुळे. चूक दिसली की लगेच बोलायचे. चूक नसली की काहीच बोलायचे नाहीत.

शर्वरी आणि मी लहानपणापासून त्यांच्याकडे होतो. आदल्या जूनमध्ये अकरावीसाठी म्हणून ती पुण्याला गेली आणि तिथे मिस्त्री मॅडमच्या क्लबमध्ये दाखल झाली. सरांना हे तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं. सरांनी त्यानंतर तिचं नाव घेणं सोडलं. पण नवीन संगीत ऐकवलं की ते मध्येच थांबायचे आणि “हे तिला शोभलं असतं” असं म्हणून सीडी काढून ठेवायचे. मी समोर उभी असायची.

तिच्या त्या उडीची गोष्ट मला नीट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लुट्झ आणि फ्लिप या दोन उड्या अगदी सारख्या दिसतात. दोन्हींत मागे मागे जात डाव्या पायावर भार घ्यायचा, उजव्या पायाचं टोक, म्हणजे स्केटच्या पुढचा रबरी ठोकळा, जमिनीवर रोवायचं आणि हवेत फिरायचं. फरक फक्त डाव्या पायाचा. तो करंगळीच्या बाजूला कललेला असला, म्हणजे बाहेरच्या एजवर असला, तर लुट्झ. अंगठ्याच्या बाजूला कलला तर फ्लिप. लुट्झ अवघड, कारण शरीराला आत कलायचं असतं आणि तुम्ही त्याला शेवटच्या क्षणापर्यंत बाहेर धरून ठेवायचं असतं. शर्वरीला ते जमायचं नाही. येताना बाहेरच्या एजवर यायची, आणि उडी घेताना पाय आत पडायचा. त्या वेळच्या आमच्या नियमात अशी उडी फ्लिप म्हणून धरायचे, आणि एकच उडी तिसऱ्यांदा केली तर शून्य. शर्वरीच्या प्रोग्रॅममध्ये दोन फ्लिप आधीच होत्या.

तिचा पाय कुठे पडतो हे बघण्यासाठी सर सिमेंटवर आडवे व्हायचे. उन्हाने तापलेलं असो, धूळ असो, गाल जमिनीला टेकवून म्हणायचे, “ये. परत ये. परत.” ती उडी मारायची, सर उठायचे, शर्ट झटकायचे, मान हलवायचे, पुन्हा आडवे व्हायचे. असं वर्षानुवर्षं.

माझ्यासाठी सर कधी आडवे झाले नाहीत. माझी लुट्झ पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

निकाल लागला. शर्वरी पहिली, मी दुसरी, आणि मध्ये अगदी थोडा फरक. त्या एका उडीचे मार्क काढले असते तर मी पहिली येत होते. आणि पहिलं येणं म्हणजे नुसतं पदक नव्हतं. आमच्या गटातून महाराष्ट्राच्या संघात एकीचीच निवड होणार होती.

सर हरकत घेऊन पंचांच्या टेबलाकडे गेले. मी बाकावर बसून स्केट्सच्या नाड्या सोडत होते, तेवढ्यात बाबा आले. बाबा माझ्या प्रत्येक स्पर्धेला हँडीकॅम घेऊन यायचे. खेळातलं त्यांना काही कळायचं नाही. सगळ्या उड्या त्यांना सारख्याच वाटायच्या, पण एकही चुकवायचे नाहीत.

“अगं, वर जागाच नव्हती,” ते म्हणाले. “खाली त्या कोपऱ्यात पायरीवर बसून घेतलं. तुझं सगळं आलंय. तिचंही घेतलंय, बॅटरी होती म्हणून.”

“बघू,” मी म्हणाले.

मला माझा प्रोग्रॅम बघायचा होता. कुणीतरी तो बघायला हवा होता. बोटाएवढी मी त्या छोट्या पडद्यावर फिरत होते. माझी लुट्झ आली आणि गेली. छान होती. मी पुढे सरकवलं आणि शर्वरी आली.

बाबांचा तो कोपरा म्हणजे नेमका उडीचा कोपरा होता. पायरीवर बसल्यामुळे कॅमेरा जमिनीलगत होता. शर्वरी मागे मागे सरळ कॅमेऱ्याकडे आली, डावा बूट आधी लहान आणि मग पडदाभर झाला. मी सावकाश चालवायचं बटण दाबलं. बूट करंगळीकडे कललेला होता. उजव्या पायाचं टोक मागे गेलं, जमिनीवर टेकलं. बूट अजून बाहेरच कललेला. तिने जमीन सोडली तेव्हाही तो तसाच होता.

मी मागे घेऊन पुन्हा पाहिलं. लुट्झ होती. माझ्यासारखी.

“काय गं?” बाबा म्हणाले. “काही बिघडलंय का कॅमेऱ्यात?”

“नाही.”

पडदा मिटवून कॅमेरा बाबांच्या हातात दिला असता तर विषय तिथेच संपत होता. तो व्हिडिओ आहे हे कुणाला माहीतही नव्हतं. मी टेबलाकडे बघितलं. सर पंचांना काहीतरी समजावत होते. त्यांनी आपला डावा तळहात आडवा धरला होता आणि तो आत कलवून दाखवत होते. तो तळहात म्हणजे शर्वरीचा पाय होता. इतक्या दुरूनही मला ते ओळखू आलं. माझ्या पायासाठी त्यांनी कधी हात असा धरला नव्हता.

कॅमेरा आणि त्याची पिशवी घेऊन मी मोज्यांवरच टेबलापाशी गेले.

मुख्य पंच होते बिनीवाले सर. वयस्कर, शांत, एकेकाळचे चांगले स्केटर. एका बाजूला मिस्त्री मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्या मागे, जरा लांब, शर्वरी जमिनीवर बसली होती. तिने मान खाली घातली होती.

“ती माझ्या हाताखाली वाढलीय,” सर म्हणत होते. “तिचा डावा पाय मी झोपेतसुद्धा ओळखीन. शेवटच्या क्षणी आत पडतो तो. नेहमी पडतो.”

“पडत होता,” मिस्त्री मॅडम म्हणाल्या. “तुम्ही तिला शेवटची कधी पाहिलीत, आराध्ये?”

सर त्यांच्याकडे न बघता बिनीवाल्यांना म्हणाले, “तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता. मी उगाच हरकत घेतो का?”

“नाही घेत,” बिनीवाले म्हणाले. “म्हणूनच अडचण आहे. तिघांपैकी दोघांनी लुट्झ धरलीय, एकाने फ्लिप. मी बसलो होतो तिथून मला तिची पाठ दिसत होती. आता तुम्ही एवढं छातीठोक सांगताय...” त्यांनी बाकीच्या दोघा पंचांकडे पाहिलं. त्यातला एकजण खांदे उडवून म्हणाला, “मलाही अगदी शंभर टक्के दिसली नव्हती.”

मला कळलं की हे आता माझ्या बाजूने जाणार. सरांनाही कळलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

“सर,” मी म्हणाले, “व्हिडिओ आहे.”

सगळे माझ्याकडे वळले.

“बाबांनी काढलाय. त्याच कोपऱ्यातून. पाय दिसतोय.”

“शाब्बास!” सर म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी पहिल्यांदा ऐकला. “शाब्बास, ऋजुता! आण इकडे.”

“थांबा,” बिनीवाले म्हणाले. “प्रेक्षकाचा व्हिडिओ बघायचा असं नियमात कुठे नाही.”

“बघू नये असंही नाही,” सर म्हणाले.

“तुमची हरकत आहे, मॅडम?”

मिस्त्री मॅडमनी एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं. त्यांना वाटलं असणार, ही मुलगी स्वतःच्या फायद्याचंच काहीतरी घेऊन आली आहे. मग त्यांनी मागे वळून शर्वरीकडे बघितलं. शर्वरीने मान वर न करताच होकारार्थी हलवली.

“बघा,” मॅडम म्हणाल्या.

सरांनी चष्मा लावला आणि कॅमेरा माझ्या हातातून घेतला. मी त्यांच्या समोर उभी राहिले. पडद्यावर काय आहे ते मला माहीत होतं, मला त्यांचा चेहरा हवा होता. सगळ्या जन्मात जी गोष्ट त्यांना जमली नाही ती दुसऱ्या कुणीतरी करून दाखवली, हे त्यांना माझ्यासमोर कळायला हवं होतं. मग ते तिचा विचार करणं सोडतील. मग मैदानात फक्त मी उरेन. महाराष्ट्राच्या संघातली जागा मी त्यासाठी दिली होती.

त्यांनी एकदा पाहिलं. कपाळाला आठी पडली. बटण शोधून मागे घेतलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा कॅमेरा डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

“बाहेरची आहे,” ते पुटपुटले.

बिनीवाले पुढे वाकले.

“अहो, बिनीवाले, बाहेरची आहे!” आता आवाज चढला होता. “टोकापर्यंत धरलीय. हे बघा. इथे बघा. आता टोक रोवलं, आता तरी पडायला पाहिजे की नाही? नाही पडला! हलला नाही पाय! पाहिलंत का?” त्यांनी कॅमेरा पंचांच्या पुढे नाचवला, मिस्त्री मॅडमच्या पुढे नाचवला. ते हसत होते. त्यांना त्या हरकतीचा विसर पडला होता. मी तिथे उभी आहे याचाही पडला होता. ते टेबलाला वळसा घालून शर्वरीपाशी गेले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

“काय गं कार्टे,” ते म्हणाले, “जमली की!”

शर्वरीने वर पाहिलं आणि ती रडायला लागली. सरांनी तिच्या डोक्यावर टप्पल मारली आणि स्वतःचा चष्मा काढून पुसायला लागले.

माझ्या हातात मोकळी कॅमेऱ्याची पिशवी होती. मी ती धरून उभी होते.

बक्षीस समारंभात बिनीवाल्यांनी माइकवरून ती हकीगत सांगितली. ज्या मुलीला पहिलं यायचं होतं तिनेच प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचा पुरावा आणून दिला, याला खिलाडूवृत्ती म्हणतात, असं ते म्हणाले. सगळा हॉल उभा राहिला. बाबांनी डोळे टिपले. आता मी स्वतः पंच म्हणून काम करते, आणि आमच्या प्रशिक्षण शिबिरांत अजूनही कुणी ना कुणी ही गोष्ट नवीन मुलांना सांगतं. मी खाली बघते. लोकांना तो विनय वाटतो.

पण एका माणसाला मी त्याच दिवशी खरं सांगितलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत शर्वरी माझ्या मागोमाग आली. पदक तिच्या गळ्यात नव्हतं, तिने ते मुठीत धरलं होतं.

“व्हिडिओ तू आधी बघितला होतास?” तिने विचारलं.

“हो.”

“मग का दिलास?”

मी केसांतल्या पिना काढत होते. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. आदल्या जूनपासून आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

“सरांना दाखवायचं होतं,” मी म्हणाले. “की तू त्यांच्याशिवाय शिकलीस. त्यांना लागावं म्हणून.”

तिला ते समजायला वेळ लागला. मग ती बाकावर बसली.

“तुला लागावं असं काय केलं होतं त्यांनी?”

“काहीच केलं नाही. तेच.” मी वळले. “सगळा वेळ तुझा होता. तू होतीस तेव्हाही आणि तू गेलीस तेव्हाही. आज माझा प्रोग्रॅम चालू होता तर ते फाटकाकडे बघत होते. तू कधी येतेस म्हणून.”

शर्वरी हसली, पण तिला हसू आलेलं नव्हतं.

“मी का गेले, माहितीये तुला?”

“अकरावीसाठी.”

“अकरावी सांगलीत नाही का होत?” ती म्हणाली. “तुझ्यामुळे गेले मी. सर जमिनीवर आडवे व्हायचे ना, तेव्हा तू पलीकडे असायचीस. तुला ऐकू यायचं नाही. ते खालून काय म्हणायचे, ठाऊक आहे? ‘ऋजुताचा पाय डोळ्यांसमोर आण.’ प्रत्येक वेळी. ‘ऋजुता बघ कशी धरते. ऋजुताला सांगावं लागत नाही.’ एकदा आमच्या घरी आले होते, बाबांना म्हणाले, अशी एज मी सांगलीत दुसरी पाहिली नाही. मी खोलीत होते, मला वाटलं माझंच चाललंय. तुझं चाललं होतं.”

“मला कधी म्हणाले नाहीत.”

“मला म्हणाले. रोज. मी उडी घ्यायला मागे निघाले की तू दिसायचीस, आणि पाय पडायचा.”

“मग मॅडमनी काय केलं?”

“काही नाही. सगळ्यांना शिकवतात तसंच शिकवलं. तिथे तू कोण हे कुणाला माहीत नव्हतं.” तिने मूठ उघडून पदकाकडे पाहिलं. “दिवाळीपर्यंत जमली.”

बाहेरून मिस्त्री मॅडमनी हाक मारली. शर्वरी उठली. मला वाटलं ती जाता जाता काहीतरी गोड बोलेल, पण ती दारात थांबून म्हणाली, “मघाशी बाकावरून तुझी लुट्झ बघत होते. अजूनही राग येतो मला.” आणि गेली.

मला त्या वाक्याने जेवढा आनंद झाला तेवढा उभ्या हॉलच्या टाळ्यांनी झाला नव्हता.

स्वारगेटहून सांगलीची एसटी मिळाली. बाबांना मागची जागा मिळाली, मला आणि सरांना पुढे, ड्रायव्हरच्या मागची. कात्रज ओलांडेपर्यंत सर शर्वरीच्याच उडीबद्दल बोलत होते. डावा तळहात पुन्हा आडवा झाला होता, पण आता तो बाहेर कलत होता. मिस्त्री बाईंनी भार कधी टाकायला लावला असेल, टोक जरा आधी रोवलं का, वगैरे. मी खिडकीबाहेर बघत होते. ऊन उतरलं होतं.

“सर,” मी म्हणाले, “माझी कशी झाली आज?”

“काय?”

“माझी लुट्झ.”

“तुझी बरोबर असते.”

“आजची बघितलीत का?”

सरांचा तळहात मांडीवर आला. ते खोटं बोलणारे नव्हते, तो त्यांचा गुण होता आणि त्याचा त्रासही आम्हालाच व्हायचा.

“नाही,” ते म्हणाले.

गाडी एका ट्रकच्या मागे रेंगाळत होती.

“तुम्ही शर्वरीला माझ्याबद्दल सांगायचात,” मी म्हणाले. “रोज. तिने सांगितलं मला. मला का नाही सांगितलंत कधी?”

“तुला काय सांगायचं? तुला येतच होतं.”

“येत होतं म्हणून सांगायचं नाही?”

सरांनी समोरच्या दांड्याला धरलं. ते ड्रायव्हरच्या पाठीकडे बघायला लागले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, “चांगल्या पोरांना ती चांगली आहेत हे कळलं, की ती जातात. पुण्याला जातात, मुंबईला जातात. आमच्याकडे काय आहे? शाळेच्या मागचं सिमेंट. माझ्या हातून अशा किती गेल्या. तुला नाही सांगितलं.”

“तिलाही नाही सांगितलंत,” मी म्हणाले. “ती गेलीच.”

त्यांनी दांडा सोडला, पुन्हा धरला. मागून बाबांच्या घोरण्याचा आवाज येत होता.

“तिच्या घरी काय म्हणाला होतात?” मी विचारलं.

“कधी?”

“तिच्या बाबांना. माझ्या एजबद्दल. मला तोंडावर सांगा.”

“अगं, ते आपलं असंच...”

“सांगा ना.”

सरांनी घसा खाकरला. इतका मोठा आवाज असलेला माणूस, पण मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

“अशी एज मी सांगलीत दुसरी पाहिली नाही,” ते म्हणाले.

मी ते वाक्य मनात एकदा घोळवलं. ते मला हवं होतं तसंच होतं. तरी मी थांबले नाही.

“आणि शर्वरीची?”

सर विचारात पडले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खोटं बोलता येत नाही अशा माणसाला मी चांगलंच कोंडीत पकडलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग पहिल्यांदाच पूर्ण माझ्याकडे वळून बसले.

“ती आता पुण्याची,” ते म्हणाले.